अप्पांचं पान

“...आता आणखी काय राहिलं, बुवा? तुम्हीच सांगा. कशात अडकलाय त्यांचा जीव?”

शशिकांतनं हे विचारलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कृष्णेच्या घाटावर अप्पा तोडकरांचा दहावा होता. पिंड ठेवून, पान वाढून केवढा वेळ झाला, पण कावळा काही शिवेना. समोरच्या लिंबावर पाचसहा बसलेले होते. त्यातला एक तर मान वाकडी करून असा बघत होता, की मेल्याला जणू पाहुणचारच पसंत नाही.

अप्पा म्हणजे चुरमुऱ्याच्या भट्टीचे मालक. माणूस लाखात एक. भट्टीवरची माणसंसुद्धा त्यांना अप्पाच म्हणायची, मालक कुणाच्या तोंडात बसलंच नाही. आज ती सगळी माणसं भट्टी थंड ठेवून घाटावर आली होती, आणि घरच्यांसारखीच सकाळपासून उपाशी होती. कावळा शिवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही, ही रीतच आहे.

शशिकांत त्यांचा थोरला. भट्टीची धग त्याला सोसायची नाही, म्हणून तो मठात बुवांपाशी जाऊन बसायचा. चार पोथ्या तोंडपाठ होत्या, आणि त्या आहेत हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

“आईला अंतर देणार नाही, हे बोललो. भट्टी बंद पडू देणार नाही, बोललो. धाकटीचं लग्न थाटात करीन, हेही हात जोडून बोललो...”

“ऐकलं मी.”

“मग शिवत का नाही?”



गुरुजी खाकरले. “बराच वेळ झाला हो. दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ या का?”

शशिकांतनं एकदम लिंबाकडं पाहिलं. म्हणजे उद्यापासून गावभर तेच. एवढा देवमाणूस, पण त्याला कावळा शिवला नाही! आणि गाव गेलं खड्ड्यात, पण अप्पा खरंच इथं कुठं ताटकळत असले तर? त्यांना काहीतरी हवं असेल आणि पोटच्या पोराला ते कळत नसेल तर?

“गुरुजी, थोडं थांबा. पाया पडतो तुमच्या.”

त्यानं पानावर आणखी एक भजं ठेवलं. जिलबी जरा पुढं सरकवली. चहाचा कप बदलला.

“तंबाखू ठेवून बघा की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“गप रे! अप्पांनी कधी शिवली तरी होती का?”

बुवांनी विचारलं, “शशिकांता, बाप कसा होता रे तुझा?”

“अप्पा? शून्यातून उभे राहिले. निर्व्यसनी, दानशूर, कर्मयोगी...”

“हे मी चौकातल्या फलकावर वाचलं.”

शशिकांतनं पानावरची माशी हाकलली.

“आणखी सांग.”

 शशिकांतला नुसता अप्पांच्या हातांना येणारा भडंगाच्या लसणाचा वास आठवला. ठिणग्यांनी भोकं पडलेली बंडी आठवली. एकदम इतकी आठवण आली, की त्यानं मान फिरवली.

तेवढ्यात आईचा तोल गेला. तिनं पायरीचा आधार घेतला आणि तिथंच बसली.

“आई! चक्कर आली का?” शशिकांत धावला. “शुगर आहे हो तिला... आई, जरा कळ काढ. शिवेल आता. शिवेलच.”

बुवा उठले. पानाशेजारी उरल्या अन्नाचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं, दहीभाताचा घास केला आणि आईच्या तोंडापुढं धरला.

शशिकांतनं त्यांचं मनगटच धरलं. गुरूचं मनगट! पण भान होतं कुणाला?

“बुवा! कावळा शिवायच्या आत?”

बुवांनी हात मागं घेतला नाही.

आईनं घासाकडं पाहिलं, मग पिंडाकडं पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला. अप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसताच रडायला लागली.

“खरंच की हो, बुवा...” म्हणाली, आणि घास तोंडात घेतला. मग पदरानं डोळे पुसत भट्टीवरच्या माणसांना हाक मारली, “या रे सगळे. बसा. हात धुऊन घ्या.”

माणसं दबकत पुढं आली.  बुवा एकेकाच्या ओंजळीत भात घालत सुटले.

शशिकांत पिंडापाशी जाऊन उभा राहिला. “अरे, माझे अप्पा तिथं उपाशी आहेत... आणि तुम्ही जेवायला बसलात?”

बुवांनी त्याच्याही हातावर घास ठेवला.

“सगळ्यांच्या आधी तुझा बाप कधी जेवला होता का रे?”