तीन डोळ्यांचा फोन

माळाच्या कडेला होता एक तकिया, आणि त्या तकियात राहायचा लतीफबाबा नावाचा फकीर. खाली गावात राहायची हौसा, वाकळा शिवणारी. तिचा नवरा गेनू ट्रकवरून पडला तो कमरेतून गेला, अंथरुणाला खिळला. घर चालायचं हौसाच्या सुईवर, आणि वाकळा खपायच्या तिच्या फोनवर.

"बाबा, ह्याचा नेमका कुठला डोळा बघतो, सांगता का?" हौसानं फोन बाबांच्या हातात दिला.

ग्रहण लागायला थोडाच वेळ उरला होता. गावानं दारं लावून घेतली होती. पाण्यावर, पिठावर तुळशीची पानं पडली होती. हौसासुद्धा सुई डब्यात घालून तकियात आली होती. ग्रहणात टाका घालायचा नाही, ही सासूची शिकवण तिनं कधी मोडली नव्हती. फोनबद्दल मात्र सासू काही सांगून गेली नव्हती.

बाबांनी फोन उलटा केला. पाठीवर तीन काचा.

"तीन डोळे? देवाला असतात."

"देवाचे कळतात, ह्याचे कळत नाहीत. लांबचं बघायला लावलं की हा गुपचूप डोळा बदलतो. मागच्या ग्रहणात आमच्या मावसभावानं एका डोळ्यावर काच धरली, आणि हा बघत होता दुसऱ्यानं. तेव्हापासून तो ज्याचा फोटो काढंल त्याच्या कपाळावर काळा डाग."

"त्याचं लग्न झालंय?"

"झालंय. बायको आता फोटो काढू देत नाही."

बाबा मिशीत हसले.

हौसानं कमरेची पिशवी सोडली. आत शाळेतून वाटलेला सूर्य बघायचा पुठ्ठ्याचा चष्मा होता. वेध लागायच्या आधीच तिनं तो कात्रीनं कापून ठेवला होता. काळ्या पडद्याचा एक तुकडा दोन डोळ्यांना पुरला, दुसरा तिसऱ्याला. तिनं कडेनं चिकटपट्टी दाबली, उजेडाला धरून बघितलं, आणि पुन्हा दाबली. टाका पक्का करावा तशी.

"झालं. आता ह्याला काही होत नाही."

"आणि तुझे?"

"माझे काय?"

"डोळे. नेम धरायला वर बघशील ना?"

"बघीन जरासं. तिरपं."

बाबा तिच्याकडं बघत राहिले.

"असं बघू नका बाबा. फोन जळला तर दुसरा कुठून आणू? डोळे काय, फुकट मिळालेत. त्यातून दोन आहेत."

"सूर्यच पाहिजे तुला?"

"पाहिजे. उद्या सकाळी शहरातल्या प्रदर्शनवाल्या बाईंना नवी नक्षी पाठवायचीय. चौकडा न् शंकरपाळी बघून बघून कंटाळल्या म्हणतात. नक्षी पसंत पडली तर वर्षभर हाताला काम, आणि गेनूचं ऑपरेशन. नाही पडली तर..."

ती पदर खोचून म्हणाली, "खाल्लेला सूर्य कुणी शिवलाय आजवर? मी शिवणार."

"हट्टी आहेस."

"हट्टावरच घर चाललंय, बाबा."

बाबा उठले. कफनीच्या काठात खोचलेली सुई काढली, दोऱ्याचा तुकडा काढला, दोन्ही तिच्या हातात ठेवले.

"ओव."

"आता? ग्रहण..."

"लागलं नाही अजून. ओव."

हौसानं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका दमात ओवलं. ह्यात काय एवढं, अशी मान उडवली.

बाबांनी दोरा ओढून काढला.

"आता डोळे मीट. ओव."

तिनं डोळे मिटले. दोरा सुईच्या इकडून गेला, तिकडून गेला. पुन्हा ओठांत ओला केला. पुन्हा गेला. मग सुई बोटात गेली.

डोळे उघडले तेव्हा बाबा तिचा फोन तिच्यापुढं धरून उभे होते.

"ह्याला सांग ओवायला."

हौसा बोट तोंडात घालून बसली. मग फोन घेतला, एक तुकडा नखानं खरवडून काढला आणि आपल्या डोळ्यापुढं धरला. फोनचा एक डोळा उघडा पडला. तुकडा परत लावला. आता आपले दोन उघडे. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. पडदा काही वाढला नाही.

ऊन पिवळट झालं. माळावरचे कावळे गप्प झाले. ग्रहण लागलं, वाढत गेलं, आणि हौसा फोन मांडीवर पालथा घालून बसून राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर केली नाही. ठरवलं ते ठरवलं.

"जाईल आता सुटून," ती स्वतःशीच म्हणाली. "गेलं काम."

तिनं बाबांकडं बघितलं. बाबा कडुलिंबाखाली बसले होते, सूर्याकडं पाठ करून.

"बाबा, तुम्हीपण बघत नाही?"

"बघतोय की."

"कुठं? तोंड तर इकडं आहे."

बाबांनी नुसती मान खाली घातली.

हौसानं खाली बघितलं. कडुलिंबाच्या पानांतून ऊन भुईवर झिरपलं होतं, आणि उन्हाचा एकेक ठिपका कुरतडलेला. एक नाही, दोन नाही. करंज्यांचं ताट सांडावं तसे सूर्यच सूर्य. मातीवर, पायरीवर, बाबांच्या मांडीवर, त्यांच्या पांढऱ्या दाढीत. वारा आला की सगळे एकदम हलत होते, वारा थांबला की आपापल्या जागी.

हौसा तशीच उकिडवी बसली. सूर्याकडं पाठ केली. फोनवरचे दोन्ही तुकडे काढून टाकले, तिन्ही डोळे उघडे केले आणि फोन भुईकडं धरला.

"हलू नका बाबा. तुमच्या दाढीतला चांगला आलाय."

ग्रहण सुटलं. हौसा घरी गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, मग सुई काढली. निळ्या लुगड्याच्या तुकड्यावर पिवळ्या करंज्या मांडल्या, एकीसारखी दुसरी नाही, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. सकाळी नक्षीचा फोटो गेला. दुपारी प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "हौसाबाई, एवढ्या वाकळा एकटीनं होतील का?"

एकटीनं झाल्याच नाहीत. आळीतल्या बायका सुया घेऊन ओसरीवर बसल्या. गेनूचं ऑपरेशन झालं. पावसाळा सरता सरता तो काठीनं उभा राहिला, मग काठी दारामागं गेली. आणि एका गुरुवारी नवराबायको आपल्या पायांनी माळ चढून तकियात आले, मलिद्याचं ताट घेऊन.

गेनूनं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. सहज वाकला, सहज उठला. हौसा ते बघत राहिली.

मग म्हणाली, "सगळं झालं बाबा. एक मात्र मनाला लागून राहिलंय. एवढा हट्ट केला, आणि सूर्य काही मी पाहिलाच नाही."

बाबांनी मलिद्याचा घास तोंडात टाकला. सावकाश चावला...

"मग तुझी पाठ कुणी शेकली?"