शेजाऱ्याच्या उंबऱ्यावरची सुपारी

एका गावात बांबूच्या दुरड्या विणणारी एक बुरडीण राहायची, आणि दसरा झाल्यापासून तिचा जीव दाराच्या कडीत अडकला होता. वाऱ्याने कडी हलली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. दार उघडायची, उंबरा बघायची, आणि आल्या पावली परत फिरायची.

कारण त्या गावाची रीतच तशी होती. दिवाळीला लेकी-बहिणींना जी भेट जायची, ती गावातच बनलेली असायची. फराळ भरायला बुरडाची दुरडी, कुंभाराच्या पणत्या आणि ओटीत घालायला कोष्ट्याने मागावर विणलेला खण. पण हे काम कुणी तोंडाने सांगत नसे. दसऱ्यानंतर सकाळी जायचं, कारागिराच्या उंबऱ्यावर एक सुपारी ठेवायची, कडी वाजवायची. तो दारात आला की मान हलवायची आणि निघायचं. झालं, काम पक्कं. सुपारी आली नाही तर मात्र कारागिराने विचारायचं नाही. स्वतःसाठी विचारणं म्हणजे भीक मागणं, असं सगळे मानत. आता ही रीत शहाणपणाची की खुळेपणाची, ते तुम्हीच ठरवा. मी आपली गोष्ट सांगतो.

बुरडिणीचं नाव हौसा. दरवर्षी कोजागिरीपर्यंत तिच्याकडे तीसेक सुपाऱ्या जमायच्या. दिवाळीच्या त्या कामावर तिचं अर्धं वर्ष निघायचं. यंदा कोजागिरी होऊन गेली आणि सुपाऱ्या आल्या होत्या फक्त दोन. एक देवळातल्या गुरवाची, दुसरी गावच्या सुईणीची.

तिचा नवरा भिवा कमी बोलणारा माणूस. त्याने एक दिवस सांगून टाकलं, की वसुबारसेपर्यंत काम आलं नाही तर तुळशीच्या लग्नानंतर वीटभट्टीचा मुकादम येईल, त्याच्याबरोबर जायचं. हौसाची थोरली बहीण अशीच भट्टीवर गेली होती. खोकला घेऊन परत आली आणि त्या खोकल्यातच गेली. पण हे भिवाला काय सांगणार? त्यालाही ते ठाऊकच होतं.

मग हौसा स्वतःलाच दोष द्यायला लागली. आपल्या हातात काही खोट आली का? गेल्या वर्षी कुणाची दुरडी उसवली का? विणलेल्या दुरड्या ती उजेडात धरून बघायची, उगाच उलगडायची, पुन्हा विणायची. पाणवठ्यावर बायका हसल्या की तिला वाटायचं, आपल्यालाच हसल्या. जेवण जात नव्हतं. कुणी विचारलंच तर मात्र मान ताठ करून सांगायची, 'यंदा कामातून सवडच नाही गं बाई.' लाज मोठी वाईट असते.

आणि एवढ्या काळजीत ह्या बाईने काय करावं? भाऊबीजेला माहेरी जायचं होतं, वहिनीला काही न्यायला हवं होतं. गेल्या वर्षी वहिनीच्या शेजारणीने तालुक्याच्या नव्या मोठ्या दुकानातून चमकी लावलेल्या, खोक्यातल्या पणत्या आणल्या होत्या. वहिनी आठ दिवस त्यांचंच कौतुक करत होती. गावच्या साध्या मातीच्या पणत्या नेल्या तर ती नाक मुरडेल, असं हौसाच्या मनाने घेतलं. तिने कुंभाराकडे सुपारी ठेवली नाही. वसुबारसेला आठ दिवस उरले असताना ती तालुक्याला गेली. कुणी बघू नये म्हणून मोठा रस्ता सोडून ओढ्याकाठच्या पायवाटेने गेली.

दुकान कसलं, लखलखाटच होता. हौसाने घाईघाईने पणत्यांचं एक खोकं उचललं, पदराखाली धरलं आणि पैसे द्यायला वळली. समोर कोण उभं? गावचा म्हातारा कुंभार, म्हादबा. त्याच्या काखेत लाल फीत बांधलेली प्लॅस्टिकची दुरडी होती.

म्हादबाने हौसाच्या पदराखालचं खोकं बघितलं. हौसाने त्याच्या काखेतली दुरडी बघितली. आजूबाजूला माणसांची झुंबड उडाली होती, पण त्या दोघांना एकमेकांकडे बघायचाही धीर होईना.

शेवटी म्हादबा हळूच म्हणाला, "लेकीला फराळ पाठवायचाय गं. तुझ्याकडंच येणार होतो. मग म्हटलं, तुझ्याकडे तीस-चाळीस घरचं काम असेल. माझ्या एका सुपारीनं काय अडतंय?"

हौसाला वाटलं, आतासुद्धा खोटं बोलून मान ताठ ठेवावी. ओठावर तेच आलं होतं. पण डोळ्यासमोर वीटभट्टी आली आणि तिच्याने राहवलं नाही.

"मामा, माझ्याकडे दोनच सुपाऱ्या आल्यात."

म्हादबाने काखेतली दुरडी हातात घेतली. मग म्हणाला, "माझ्याकडे एक."

दोघांनी हातातल्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या आणि ते मोठ्या रस्त्याने परत निघाले. वाटेत म्हादबाने सांगितलं, की पणत्या भाजायची भट्टी लावायला त्याने यंदा लाकूडही आणलेलं नाही. हौसाने मुकादमाचं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं, आणि ती रडली. इतके दिवस दोन घरं सोडून राहणारी ही माणसं एकाच भीतीने झुरत होती, पण एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल तर शपथ.

गाव जवळ आलं तशी हौसा चालता चालता थांबली. "मामा, कोष्ट्याचं कसं असेल?"

मग दोघांचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. कोष्ट्याच्या घराला कुलूप होतं. शेजारची बाई अंगण झाडत होती. तिने सांगितलं, की चार दिवस झाले, बायकोपोरांसकट शहरात गेला. बैलगाडीत माग चढवला आणि गेला. कुणाला काही बोलला नाही.

हौसा तिथेच पायरीवर बसली. आपण त्याला शेवटची सुपारी कधी दिली, ते ती आठवू लागली. दोन वर्षं झाली होती. अंगातली चोळीसुद्धा तालुक्याची होती. तिच्या मनात आलं, आज हे कुलूप कोष्ट्याच्या दाराला आहे, तुळशीच्या लग्नानंतर आपल्या दाराला लागेल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी म्हादबाच्या.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "मामा, स्वतःसाठी विचारायचं नाही, ही आपली रीत. पण दुसऱ्यासाठी विचारायचं नाही, असं कुठं कोण म्हणालंय?"

म्हादबा आधी घाबरला. गाव काय म्हणेल, म्हाताऱ्या माणसाची शोभा होईल, असं बरंच काही बोलला. पण हौसा उठली आणि तडक पाटलाच्या वाड्यावर गेली. पाटलीणबाई तोंडाची फटकळ. त्यांच्यापुढे उभं राहून हौसा एका दमात बोलली.

"पाटलीणबाई, कोष्टी गाव सोडून गेला. म्हादबा मामांकडे एकच सुपारी आलीय. तेही जातील."

पाटलीणबाई रागावतील, असं तिला वाटलं होतं. पण त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, की सगळं गाव सुपारी देतंच, म्हणून यंदा एकदाच तालुक्याहून आणलं. एकदाच.

घराघरातून हेच ऐकू आलं. हौसा म्हादबासाठी बोलत होती आणि पलीकडच्या आळीत म्हादबाही धीर करून हौसासाठी बोलत होता. जो तो म्हणायचा, आम्हाला वाटलं बाकीचे देतच असतील. सगळेच काही विरघळले नाहीत बरं. दोघातिघांनी आणलेली खोकी दाखवली आणि आता काय करायचं म्हणून हात झटकले. एकाने तर दारच लावून घेतलं. त्या दारापुढे उभी असताना हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती पुढच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाच्या दाराची कडी पाच वेळा वाजली. वसुबारसेपर्यंत एकोणीस सुपाऱ्या झाल्या. तीस नव्हेत, पण भिवा गुपचूप उठला आणि बांबू चिरायला बसला. मुकादमाला त्याने निरोप धाडला, यायचं होणार नाही. म्हादबानेही भट्टी लावली. हौसाने त्याच्याकडच्या साध्या पणत्या वहिनीला नेल्या. वहिनीने नाक मुरडलं की नाही, हे बघायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

कारण तिचं मन दुसरीकडेच होतं. गावाने अकरा सुपाऱ्या गोळा करून कोष्ट्याला शहरात निरोप पाठवला होता, की परत ये, काम आहे. भाऊबीज करून हौसा घरी आली, तर निरोप्या तिच्या ओसरीवर बसला होता. अकराच्या अकरा सुपाऱ्या त्याने तिच्या हातात ठेवल्या. कोष्ट्याने सांगून पाठवलं होतं, की जागेच्या भाड्यासाठी माग विकून टाकला, आता काय घेऊन येऊ?

आणि हौसासाठी त्याने वेगळं सांगितलं होतं. "निघालो त्या सकाळी हौसाक्काच्या दारात गाडी थांबवली होती. वाटलं, विचारावं, तुमच्याकडे तरी कुणी येतंय का. पण लाज वाटली. तशीच गाडी हाकली."

तात्पर्य: 'माझ्या एकट्याने काय अडतंय' असं आपण म्हणतो तेव्हा शेजारच्या घरातही तेच म्हणत असतात. म्हणून सणाची भेट घेताना आपल्या गावचे हात आठवा, आणि शेजाऱ्याचं कसं चाललंय ते तो गाव सोडण्याआधी विचारा.