शेणकाल्याने माखलेला हात

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर आज तुम्ही ज्या आंब्याच्या सावलीला बसता, त्याच्या पणजोबाची कोयसुद्धा तेव्हा रुजायची होती.

एका डोंगराच्या पायथ्याशी कलमे बांधणाऱ्यांचे गाव होते. तिथली रीत मोठी कडक. कलम बांधायचे तर चाकू स्वतःचाच हवा. उसना चालायचा नाही, बापाचाही नाही. माणूस गेला की त्याचा चाकू त्याने बांधलेल्या पहिल्या झाडाच्या बुंध्याशी पुरत. आणि पहिला चाकू निवडायचा तो जत्रेत, साऱ्या गावासमोर, एकदाच. निवड चुकली तर जन्मभर तीच चूक खिशात घेऊन फिरायचे.

त्या गावात गोजरा नावाची एक बाई होती. बापाची एकुलती एक. बारा वर्षे तिने बापाच्या कलमांना लावायला शेणमातीचा काला कालवला, केळीच्या सोपाने, म्हणजे तिच्या खोडाच्या सालीच्या दोरीने, गाठी मारल्या. चाकू मात्र कधी हाती धरला नव्हता. त्या हिवाळ्यात बाप गेला आणि रिवाजाप्रमाणे त्याचा चाकू मातीत गेला.

त्याच साली गावाच्या म्हाताऱ्या आंब्यावर वीज पडली. सारे गाव त्याच्याच कलमांवर जगत आले होते. आता एकच फांदी हिरवी उरली होती, आणि तिच्यावर कलमाजोग्या काड्या होत्या फक्त तीन. त्या जगल्या नाहीत तर तो आंबा कायमचा संपणार होता. गोजराला त्याचे फार वाईट वाटे, कारण तिच्या बापाने अखेरच्या दिवसांतही त्याच झाडाची चौकशी केली होती.

जत्रेत लोहाराने घोंगडीवर घडीचे चाकू मांडले. गोजराच्या चुलतभावाने सर्वांत देखणा उचलला. पितळी मूठ, रुंद पाते आणि आत खटका. एकदा उघडला की खटका दाबल्याशिवाय मिटायचा नाही. लोक म्हणाले, "वा! मर्दाचा चाकू."

मग गोजरा पुढे आली. बायकांनी चाकू घेऊ नये असे कुणी कधी म्हटले नव्हते. आजवर कुणी मागितलाच नव्हता, एवढेच. तिने सोबत आणलेल्या गाडग्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. गाडग्यात शेणकाला होता.

जत्रा खो खो हसली. चुलतभाऊ म्हणाला, "अगं गोजरे, चाकू घ्यायला आलीस का घर सारवायला?"

"दादा, कलम बांधताना माझे हात असेच असतात," ती म्हणाली. "मग निवडताना धुऊन कशाला येऊ?"

त्या माखल्या हातांनी ती एकेक चाकू उघडू लागली. काही हातातून निसटले. काहींची नखाची खाच एवढी उथळ, की बोट नुसतेच घसरे. शेवटी कोपऱ्यातला एक काळा, शिंगाच्या मुठीचा चाकू पहिल्याच खेपेला उघडला. पाते अरुंद होते, खटका नव्हता. पाठीशी पोलादाची एक पट्टी होती, तिच्या ताणावर पाते उभे राही.

लोहार हळूच म्हणाला, "पोरी, सांगून ठेवतो. ह्याला दांडगाई खपत नाही. उलटा हिसका दिलास तर मिटंल, बोट कापंल."

"मग हाच द्या, बाबा. मला अजून काही येत नाही. चुकले की सांगणारं कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आंब्याखाली गाव जमले. पहिला मान चुलतभावाचा. त्याने कलमासाठी कोयीपासून वाढवलेल्या एका रोपाचा शेंडा छाटला आणि काडी बसवायला खोडात पाते खुपसले. पाते रुतले. त्याने सगळा जोर लावून हिसका दिला. खटक्याचा चाकू मिटला नाही, पण रोप मुळापर्यंत उभे फाटले, आणि त्या धसमुसळेपणात काडीही मोडली. दुसऱ्या काडीचेही तेच झाले. आता कुणी हसत नव्हते.

गावातल्या सर्वांत जाणत्या, थोरल्या माळ्याने तिसरी काडी गोजराच्या हातात दिली. "बाई, ही शेवटची."

गोजराने नव्या रोपाचा शेंडा छाटला. तिने पाते खोडात घातले आणि तेही रुतले. घाबरून तिनेही हिसका दिलाच. तसे पाते मागे कलले आणि बोटाला धारेचा गार स्पर्श झाला. ती जागीच थांबली. श्वास घेतला. मग पाते जरा जरा डोलवत, झोपल्या लेकराखालून हात काढावा तसे सोडवले. खाच हवी तेवढीच पडली. तिने काडी तासून सालीला साल भिडवली, सोपाने आवळली आणि माखल्या हाताने काला लिंपला.

एकविसाव्या दिवशी त्या काडीला तांबूस पालवी फुटली! ढोल वाजले, पेढे वाटले. ज्या जत्रेने हसून घेतले होते, तिनेच गोजराला खांद्यावर घेऊन गावभर मिरवले. थोरल्या माळ्याने भर चौकात आपले पागोटे तिच्या डोक्यावर ठेवले. चुलतभाऊ खाली मान घालून आला आणि म्हणाला, "गोजरे, माझी निवड तर चुकली. आता जन्मभर काय करू?"

"चाकू राहू दे की तोच," गोजरा हसली. "उद्यापासून माझ्याशेजारी बस. तुझा चाकू सांगत नाही, तर मी सांगेन."

त्या एका काडीपासून पुढे साऱ्या मुलखात आमराया झाल्या. आणि त्या गावात आजही पहिला चाकू निवडायला येणारा, पोरगा असो वा पोरगी, आधी शेणकाल्यात हात बुडवतो आणि मगच घोंगडीकडे वळतो.

बोध: आपला जोर मिरवणाऱ्या साधनापेक्षा आपली चूक वेळीच दाखवणारे साधन निवडावे.