घळीकडचं दार

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या खांद्यावर एक विद्यापीठ होतं. वर रान, पायथ्याला नदी आणि वाड्या, समोर तळं आणि मागे एक खोल घळ. विद्यार्थ्यांची आठ घरं आणि नववं आचार्यांचं, सगळी एका ओळीत, घळीकडे पाठ करून उभी होती. प्रत्येक घराला मागे एक लहानसं दार होतं. त्या दारांच्या खाली करवंदीच्या जाळ्या इतक्या दाट होत्या की घळीचा तळ वरून दिसत नसे.

प्रत्येक घरापुढे तीन टोपल्या असत. पहिलीत उष्टं-खरकटं आणि पालापाचोळा. त्याचं खत होई. दुसरीत लिहून झालेले कागद. ते भिजवून, कुटून त्याच लगद्याचे नवे कागद बनत. तिसरीत चिंध्या, तुटके दोर, फुटकी मडकी; चिंध्यांच्या गोधड्या शिवत आणि खापऱ्या वाटेवर ठोकून बसवत. "इथे काही टाकायचं नसतं, त्याची जागा बदलायची असते," असं आचार्य नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत.

काम किचकट होतं. मुलांना गोडी लागावी म्हणून आचार्यांनी एक पांढरी पताका केली. दर पौर्णिमेला ते आठही घरांची अंगणं बघत आणि सगळ्यात स्वच्छ अंगण ज्याचं, त्याच्या दारावर ती महिनाभर फडके. जे घर सलग बारा पौर्णिमा पताका राखील, त्या घराच्या प्रमुखाला ग्रंथशाळेची किल्ली मिळणार होती. म्हणजे शिक्षण संपल्यावरही तिथेच राहायचं, पोथ्या सांभाळायच्या आणि हव्या तेवढ्या वाचायच्या.

तिसऱ्या घराची प्रमुख होती कुमुद. ती कुंभाराची लेक. घरी चाक होतं, माती होती; पोथी मात्र एकही नव्हती. तिला ती किल्ली हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

पहिल्या तीन पौर्णिमा तिने खऱ्या कष्टाने जिंकल्या. चौथीच्या आदल्या दिवशी विद्यापीठात मोठी जेवणावळ झाली आणि संध्याकाळी तिच्या अंगणात पत्रावळींचा डोंगर उभा राहिला. भात, द्रोण, चिंध्या, शाईचे कागद, सगळं एकमेकांत कालवलेलं. निवडायला दोन दिवस लागले असते.

तिच्या घरातली शेवंती कंबरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मागचं दार आहे की. घळीत कोण बघायला जातंय?"

कुमुदने ढिगाकडे बघितलं, मग दारावरच्या पताकेकडे.

"अगं, एकदाच. नंतर आपण निवडूच की रोज."

दुसऱ्या दिवशी आचार्य तिच्या लख्ख अंगणात उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "या घराकडून शिका." कुमुदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पताका दारावर छान दिसत होती.

एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं नेहमीचं झालं. दार उघडायचं, टोपली उलटी करायची, दार लावून घ्यायचं. खाली काय होतंय ते कुणी बघितलं नाही.

आधी कावळे आले. मग कुत्री आली. त्यातलं एक लंगडं कुत्रं कुमुदला ओळखायला लागलं होतं. टोपली दिसली की जाळीतून तोंड बाहेर काढून शेपूट हलवायचं. तिलाही बरं वाटायचं, कुणाचं तरी पोट भरतंय म्हणून.

दहाव्या पौर्णिमेनंतर कुत्री कमी होऊ लागली. गेली असतील दुसरीकडे, असं तिने मनाला समजावलं. मग एका संध्याकाळी लंगडंही आलं नाही. ती दारातून दोन पायऱ्या खाली उतरली. आदल्या दिवशी टाकलेली चुलीची राख तिथे पसरली होती आणि राखेत एक पंजा उमटला होता. कुमुदने आपला तळहात त्याच्यावर धरून बघितला. पंजा मोठा होता.

तिने घाईघाईने पायाने राख पुसली आणि दाराला कडी घातली.

चार दिवसांनी दिवेलागणीला समोरच्या तळ्याकाठून मुदपाकखान्यातली बकरी गेली. ओरडलीसुद्धा नाही. दावं तेवढं तुटून राहिलं होतं.

वाडीतल्या माग काढणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. तळ्यापासून नदीच्या वाटेपर्यंत ठसे सापडले. म्हातारा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"बिबट्या आहे," तो म्हणाला. "पण हा वाट चुकून आलेला नाही. याला इथे कुणीतरी जेवायला बोलावलंय. आणखी कुठे ठसे दिसलेत का कुणाला?"

सगळं विद्यापीठ अंगणात जमलं होतं. सांगायचं म्हटलं तर राख आली, राखेबरोबर घळ आली आणि घळीबरोबर आठ पौर्णिमांचं खोटं आलं. आचार्यांच्या कमरेला किल्ली लटकत होती. तिने मान खाली घातली.

"मग तो नदीकडूनच येतो असं धरायचं," म्हातारा म्हणाला, पण त्याच्या कपाळावरच्या आठ्या काही गेल्या नाहीत.

नदीच्या वाटेवर मशाली लागल्या, पहारे बसले. आणि रोज पहाटे वाडीतून दूध घेऊन येणाऱ्या सगुणा गवळणीला निरोप गेला, की नदीकडून येऊ नकोस, घळीच्या पायवाटेने ये. ती वाट सुरक्षित आहे.

तो निरोप ऐकला तेव्हापासून कुमुदचे कान घळीकडे लागले. पहाटे तिच्या दुधाच्या चरवीचा आवाज कानी आला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि संध्याकाळ होऊ लागली की उद्याच्या पहाटेची काळजी पुन्हा सुरू व्हायची.

बाराव्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगुणा दुपारचीच वर आली.

"उद्या खीर ना गं तुमच्याकडे? एक चरवी जास्तीची आणते. उजाडायच्या आत निघेन म्हणते."

"मावशी," कुमुद म्हणाली, "घळीतून नका येऊ."

"का गं?"

कारण ओठांपर्यंत आलं होतं. पाठीमागे दारावर पताका फडफडत होती. उद्या एकच दिवस.

"वाट निसरडी झालीय."

सगुणा हसली. "ऐका हिचं. चाळीस वर्षं त्या वाटेने चढतेय मी, माझ्या पायांना विचार जा. वास तेवढा मारतो हल्ली, काहीतरी कुजलंय तिथे. पण नदीकडे बिबट्या, घळीत निसरडं, मग मी काय उडत येऊ?" तिने कुमुदच्या कपाळाला हात लावला. "डोळे का असे झालेत तुझे? काढा घे आणि नीज."

त्या संध्याकाळीही टोपली भरलेलीच होती. शेवंतीने ती आणून दारापाशी ठेवली. "शेवटची हो ताई. उद्या किल्ली मिळाली की मी पहिली पोथी मागणार."

कुमुदने कडी काढली. खाली एकही कुत्रं नव्हतं. कावळेसुद्धा गप्प होते. जाळ्यांमधून एक उग्र, ओलसर वास वर येत होता. तिने टोपली उचलली आणि तेवढ्यात खाली वाळक्या पत्रावळी करकरल्या. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. जड पाऊल बेताने टाकावं तशा.

तिच्या हातून टोपली सुटली आणि गडगडत खाली गेली. करकर थांबली. जे कुणी होतं ते आता वर बघत होतं, हे तिला न दिसताच कळलं. ती मागे सरकली, दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"टोपली कुठाय?" शेवंतीने विचारलं.

"पडली," कुमुद म्हणाली.

सकाळ झाली. ऊन अंगणात आलं, पण दूध आलं नाही.

आचार्य नुकतीच धुतलेली पताका घेऊन कुमुदच्या दारात आले. मागे सगळी मुलं होती. कमरेची किल्ली त्यांनी काढून हातात घेतली होती. तेवढ्यात मुदपाकखान्यातली बाई पदराला हात पुसत आली.

"सगुणा अजून आली नाही हो. खीर खोळंबलीय."

"घळीच्या वाटेने येते ना?" आचार्य म्हणाले. "मग भय नाही. म्हैस अडली असेल. तोवर आपलं काम उरकू. ये कुमुद, पुढे हो."

कुमुद पुढे झाली. किल्ली तिच्यापासून हातभर अंतरावर होती, पितळेची, घासून घासून पिवळीधमक झालेली. आणि त्याच वेळी तिच्या कानांना, पंधरा दिवस त्या एकाच दिशेला लागून राहिलेल्या कानांना, लांबून एक आवाज आला. टण्. टण्. टण्. कुणीतरी चरवीवर झाकण आपटत होतं.

"देवळातली घंटा," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही," कुमुद म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की आचार्यांना वाकावं लागलं. "सगुणामावशी आहे. ती घळीत आहे आणि बिबट्याही घळीतच आहे. त्याला मीच बोलावलंय. आठ महिने मी कचरा घळीत टाकतेय. राखेत पंजा दिसला, तो मी पुसला."

मग ती वळली, घरात शिरली आणि मागच्या दाराची कडी काढून खाली उतरू लागली. तिच्यामागे थाळ्या, पळ्या, काठ्या, पेटत्या मशाली घेऊन सगळे उतरले. थाळ्यांच्या आवाजाने घळ दणाणली.

पलीकडच्या कपारीत सगुणा अंग चोरून उभी होती. एक चरवी सांडलेली, दुसरी छातीशी धरलेली, आणि हातातलं झाकण अजून चालूच होतं. दगडावर आपटून तिची पोटरी फाटली होती. आणि तिच्या समोर, वाळक्या पत्रावळींच्या ढिगावर, तो बसला होता. पिवळे डोळे. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. इतकी माणसं बघून तो उठला आणि सावकाश जाळीत निघून गेला. पळाला नाही. आपल्याच अंगणातून उठून जावं तसा गेला.

सगुणाला धरून खाली बसवलं. मग सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं.

कुमुदला वाटत होतं, तिच्या दाराखाली एक ढीग असेल. पण ढीग तिथे संपत नव्हता. तो घळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता, आठही दारांच्या खाली. पाचव्या घराच्या निळ्या चिंध्या, सातव्याची फुटकी रांजणं, पहिल्याचे कागदाचे गठ्ठे, लगदा न होताच कुजलेले. बाकीचे सातही प्रमुख आपापल्या पायांकडे बघत उभे होते. एकमेकांचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आचार्य ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेले. नवव्या दाराखाली वाकून त्यांनी काहीतरी उचललं. तुटक्या खुंटीची एक खडाव होती.

"ही माझी," ते म्हणाले.

पताका अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती. सगुणापाशी परत येऊन ते खाली बसले, पताकेची उभी फाडून पट्टी केली आणि तिची पोटरी घट्ट बांधली.

"अहो, चांगली धड पताका फाडलीत," सगुणा म्हणाली.

"बारा पौर्णिमांत आज पहिल्यांदा कामाला आली," आचार्य म्हणाले.

सगुणाने कुमुदकडे बघितलं. रागावली नाही. "वाट निसरडी म्हणालीस मला."

"हो, मावशी."

"खरं सांगितलं असतंस तर मी घरीच थांबले असते गं. एवढंच."

कुमुदला त्यापुढे कुठलीही शिक्षा मोठी वाटली नाही.

घळ उपसायला पाच महिने लागले. आचार्यांपासून धाकट्या मुलांपर्यंत सगळे दिवसाउजेडी मशाली घेऊन खाली उतरत, एकजण सतत थाळी वाजवत राही आणि बाकीचे निवडत. निवडलं ते खतात गेलं, लगद्यात गेलं, वाटेवर बसलं. नऊही मागची दारं काढून टाकली आणि त्यांच्या फळ्यांची बाकं केली. तेव्हापासून आचार्यांची पौर्णिमेची फेरी अंगणातून नव्हे, घळीतून सुरू होऊ लागली. बिबट्या काही दिवस पलीकडच्या कड्यावर दिसे. मग खायला काही उरलं नाही, तसा तो रानात गेला.

किल्ली त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. शिक्षण संपवून कुमुद घरी गेली आणि बापाच्या चाकावर बसली. फुटलेली मडकी ती घरामागे टाकत नसे. अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी रचून ठेवी आणि त्यांचा भुगा पुन्हा मातीत मळून घेई. आणि दिवेलागणीला कुठे वाळलं पान करकरलं, की चाक फिरत राही पण तिचा हात थांबे.

तात्पर्य एवढंच, की नजरेआड केलेला कचरा संपत नाही, त्याला पाय फुटतात. आणि लपवलेल्या चुकीच्या वाटेवर बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी सापडतं.