मापाला बसलेला

"अप्पा, ब्याऐंशीव्या वर्षी पोटावर सुरी कशाला फिरवून घेता?"

असं विचारायची छाती एकट्या गुरुलिंगची. पट्टशिष्य ना तो! वय चौतीस, अंगानं पैलवान, मठाची पुढची गादी त्याचीच. मी मठाची स्वयंपाकीण, चुलीपुढं भाकरी थापत होते.

आमच्या स्वामींच्या, रेवणअप्पांच्या आतड्यात गाठ निघाली होती. सावकाश वाढणारी. ती रक्तात कसलासा रस सोडायची, मग बसल्या जागी अप्पांचं तोंड लालभडक व्हायचं, पोट ढाळायचं.

"डॉक्टर काय म्हणाले?" अप्पांनी विचारलं.

"तरणी माणसं ह्यातून जास्त वर्षं काढतात म्हणाले. म्हाताऱ्यांचं अवघड."

"आणि पुढं?"

"पुढं... म्हणाले, नुसतं वय बघू नका, गाठ कुठवर पसरली ते बघा. तोंडदेखलं बोलतात हो अप्पा."

"म्हणजे खड्डा तयार आहे म्हण की!"

आमच्या मठात स्वामींना बसवून पुरतात. बसल्या अंगाच्या मापाचा खड्डा हयातीतच खणून ठेवायचा, ही रीत. बेलाखाली होता तो. वर फरशी.

"चल, माझं घर तरी बघू."

अप्पा काठी टेकत निघाले. पिठाच्या हातानं मीही मागं गेले. गुरुलिंगनं फरशी सरकवली. भर दुपारी आतून गार वारा आला...

"माप कुणाचं घेतलंस?"

"तुम्हाला कशाला त्रास? मीच बसलो होतो मापाला."

"बस बघू पुन्हा."

तो हसत उतरला. मांडी घातली. दोन्ही गुडघे भिंतींना टेकले, डोकं काठाच्या बरोबरीला आलं. बोटभर जागा उरली नाही.

आणि त्याचं तोंड लाल होत गेलं. गळ्यापासून वर, थेट कपाळापर्यंत. ना ऊन, ना राग. अगदी अप्पांसारखं.

गेले दोन महिने तो ताटात अर्धी भाकर ठेवून उठायचा. मला वाटायचं, काही व्रत धरलं असेल.

अप्पा काठावर वाकले. "पोट कधीपासून ढाळतंय, बाळा?"

"दिवाळीपासून," खालून आवाज आला. "पाणी बाधलं असेल, अप्पा. माझं काय वय आहे!"

अप्पांनी काठी टाकली. हात खाली सोडला.

"मला हा मोठा होतोय, गुरुलिंगा. वर ये... उद्या दवाखान्यात दोन केसपेपर काढ."