रेवाबाईंचं सोंग

काशीहून शिकून आलेल्या रेवाने चंद्रगडात शाळा काढली. तिथे ती शिकवत नसे, विचारत असे. "शौर्य म्हणजे काय? मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा." उत्तर देणारा चार प्रश्नांत स्वतःच गोंधळे आणि दुसऱ्या दिवशी हटकून पुन्हा येई.

एकदा राजपंडित वाचस्पतिशास्त्रीही असेच गोंधळले. ते तडक दरबारात गेले. "महाराज, ही बाई ढोंगी आहे! सगळं येत असून अडाण्याचं सोंग घेते. शाळा बंद करा तिची!"

"काय रेवाबाई, खरं का?" राजाने तिला दरबारात बोलावून विचारलं.

शाळा बंद होण्याची धास्ती रेवाला होतीच, तरी या तक्रारीचं तिला कुतूहलच वाटलं.

"शास्त्रीबुवा, मी अडाणी असेन, तर बोलले ते खरंच; मग सोंग कसलं? आणि सोंग असेल, तर तुम्हीच मला विदुषी ठरवलंत. विद्वानाच्या शाळेला कुलूप लावायची या राज्यात रीत नाही. मग मी कोण, तेवढं सांगा."

राजा मिशीत हसला. "सांगा, शास्त्रीबुवा."

जन्मात पहिल्यांदाच शास्त्रीबुवा पुटपुटले, "मला... ठाऊक नाही."

रेवा हरखली. "मग या ना शाळेत! दोघं मिळून शोधू."