कुंभाराने लिंपून ठेवलेला मसाला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते विचारू नका, मला ठाऊक नाही आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. नदीकाठच्या गावात एक कुंभार राहायचा, एवढं कळलं तरी पुरे.

कुंभाराची बायको देवाघरी गेली होती. तिच्या हातच्या आमटीची आठवण निघाली की अजून त्याचे डोळे भरून येत. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिने वर्षाचा मसाला करून ठेवला होता. त्यातला पसाभर उरला, तेव्हा कुंभाराने आपल्या हातचं सगळ्यात सुबक मडकं घेतलं, त्यात तो मसाला भरला आणि तोंड मातीने लिंपून टाकलं. स्वतः मीठ-मिरचीशी भाकरी खायचा, पण मडक्याला हात लावायचा नाही. फारच आठवण आली की ते मांडीवर घेऊन बसायचा. एवढंच उरलंय तिचं, म्हणायचा.

अशी बरीच वर्षं गेली. एक दिवस त्याची लेक माहेरी आली. पहिलटकरीण होती, आणि अंगाची नुसती काडी झाली होती. सासरी घास उतरत नव्हता. सासूने बिचारीने सगळं करून पाहिलं होतं.

"आबा, आईच्या मसाल्याची आमटी हवी," लेक म्हणाली. "वाटीभरच. दुसरं काही पोटात ठरतच नाही."

कुंभाराला वाईट वाटलं, पण मडकं उघडायचं त्याच्या जिवावर आलं. "संपला गं तो मसाला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. त्याने साधंच वरण केलं. लेकीने दोन घास खाल्ले आणि परसात जाऊन ओकून आली. परत आली ती भिंतीला धरून.

मग मात्र त्याला राहवलं नाही. त्याने मडकं आणलं, माती खरवडली, आत नाक घातलं. वास नव्हता. मसाल्यातलं तेल मडक्याने पिऊन टाकलं होतं. जाळी धरली होती, किडे वळवळत होते. बायको मसाला चिनी मातीच्या बरणीत भरायची ती काय उगीच? ज्या मातीतून पाणी पाझरतं ती मसाला काय राखणार, हे जन्मभर मडकी घडवणाऱ्याला कळायला हवं होतं. पण वेड्या मायेला कुठलं शहाणपण सुचतंय!

तो मडकं घेऊन लेकीसमोर येऊन बसला. "खोटं बोललो मी तुझ्याशी," म्हणाला. "तुला दिला नाही, मीही खाल्ला नाही. आता तुझी आई खरंच गेली."

लेक रागावली. रागावणारच हो. किडलेला मसाला तिने परसात नेऊन ओतून दिला. मग तिने विचारलं, "आबा, आई मसाला भाजायची. कुटायचं कोण?"

"मीच की. तिचा खांदा दुखायचा."

"मग काय काय पडायचं ते तुम्ही बघितलंय. उठा."

धने, तीळ, खोबरं, मिरच्या, दगडफूल असं लेक एकेक भाजून देऊ लागली आणि कुंभार उखळात कुटू लागला. लवंगा किती घालायच्या यावरून दोघांचं वाजलंसुद्धा. लेकीने परसातली कोथिंबीर आणि ओला लसूण खुडून आणला. कढीपत्त्याची फोडणी बसली आणि घरभर खमंग वास सुटला.

लेकीने आमटीचा भुरका मारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आईची नाही ही," ती म्हणाली. कुंभाराची मान खाली गेली. "कितीही केली तरी तिची नाही यायची. वाढा अजून, आबा."

ती पोटभर जेवली आणि जेवण पोटात ठरलं. कुंभारही जेवला. जेवता जेवता, बायको आता नाही म्हणून, लेकीसमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: गेलेल्या माणसाच्या हातची चव झाकून ठेवली तर नासते, रांधून वाढली तरच घरात राहते.